रक्तदाब शून्य, तरी बाई जिवंत

नववी-दहावीच्या मुलांसाठी आरोग्य तंत्रज्ञान आणि डेटा सायन्सची मोफत कार्यशाळा. सहा शनिवार, रोज तीन तास. मी गणित शिकवतो. घरी संगणक नसलेली आमच्या शाळेतली आठ मुलं घेऊन गेलो आणि सहाही शनिवार मागच्या बाकावर बसलो. पाचपैकी साडेतीन तारे देतोय. दीड तारा का कापला, ते पुढे येईलच.

पहिला शनिवार फुकट गेला. पडद्यावर निळा मेंदू, हात पुढे करणारा रोबोट आणि 'भविष्य तुमचंच आहे' वगैरे. मुलं जांभया देत होती, मीही.

दुसऱ्या शनिवारी शिकवायला आलेल्या ताईने (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी असावी) बोटाला लावायचा ऑक्सिमीटर चक्क उघडून दाखवला. आत दोन बारके दिवे, एक लाल, एक इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा), आणि समोर प्रकाश टिपणारा सेन्सर. ऑक्सिजन असलेलं रक्त इन्फ्रारेड जास्त शोषतं, नसलेलं लाल जास्त शोषतं. दोन्हींच्या गुणोत्तरावरून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी काढतात. गुणोत्तर! वर्षानुवर्षं घसा कोरडा करून मी हेच शिकवतोय, पण वहीबाहेर ते कुठे भेटतं हे मुलांनी पहिल्यांदा पाहिलं. आमच्यातल्या एकीने विचारलं, "ताई, मी काळी आहे. मग माझ्या बोटातून उजेड कमी जाईल ना? आकडा चुकेल?" ताई गप्प झाली. पण विषय टाळला नाही. पुढच्या शनिवारी ती 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०२० साली आलेलं अमेरिकेतलं संशोधन घेऊन आली. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवतोय, पण धमनीतलं रक्त तपासलं तर ऑक्सिजन ८८च्याही खाली, असं कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडलं होतं. मुलीने 'तिप्पट' शब्दाखाली दोन रेघा मारल्या. मला विचाराल तर तिथेच पैसे वसूल, म्हणजे पैसे घेतले असते तर.

चौथा शनिवार मात्र सगळ्यांत भारी. मधुमेहाची एक प्रसिद्ध फाइल उघडली. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या पिमा या मूळनिवासी समाजाच्या ७६८ स्त्रिया. प्रत्येकीची गर्भारपणं, ग्लुकोज, रक्तदाब, इन्सुलिन, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), वय अशा आठ नोंदी आणि शेवटी मधुमेह आहे की नाही. ताई 'आता मॉडेल बनवू' (म्हणजे या नोंदींवरून मधुमेह आहे की नाही ते ओळखणारा प्रोग्रॅम) म्हणून पुढे निघालीच होती, तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, या बाईचा रक्तदाब शून्य आहे. मेली का ही?"

हशा पिकला. मग मोजलं. रक्तदाब शून्य असलेल्या ३५ जणी, बीएमआय शून्य असलेल्या ११, इन्सुलिन शून्य असलेल्या ३७४! म्हणजे मोजलंच नव्हतं आणि रकान्यात शून्य ठोकून दिलं होतं. एकजण म्हणाला, शून्यवाल्या सगळ्या ओळी उडवा. दुसरी म्हणाली, अरे, गर्भारपणाच्या रकान्यातलं शून्य खरं असू शकतं की! तो रकाना सोडून बाकी कुठेही शून्य असलेल्या ओळी गाळल्या, तर ३९२ उरल्या. निम्म्या बायका गायब. ठेवायच्या की काढायच्या, यावर वीस मिनिटं भांडण चाललं. वर्गात एवढं भांडण मला आजवर लावता आलेलं नाही.

शेवटी कुणालाच न काढता, न मोजलेल्या जागी त्या रकान्याची सरासरी भरून मॉडेल चालवलं. ७० टक्क्यांच्या वर उत्तरं बरोबर आली, टाळ्या पडल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, डोळे मिटून 'कुणालाच मधुमेह नाही' म्हणा. ७६८पैकी ५०० जणींना नाहीच आहे, म्हणजे ६५ टक्के तसेच मिळाले. टाळ्या थांबल्या. (संयोजकांना हे फारसं आवडलं नसावं.)

आता कापलेला दीड तारा. तीस मुलं आणि बारा लॅपटॉप. कीबोर्डवर दर वेळी तोच एक हात, बाकीचे एक-दोघं प्रेक्षक. आणि प्रेक्षकांत बहुतेक मुली. तोंडी शिकवणं मराठीत, पण हातात दिलेले कागद सगळे इंग्रजीत. 'मिसिंग व्हॅल्यू' वाचून कोरे राहिलेले चेहरे ताईने 'न मोजलेलं' म्हणताच उजळायचे. मग तेच छापायला काय हरकत होती? शिवाय ज्या पिमा लोकांवर १९६५पासून मधुमेहाचा अभ्यास झाला, ते कोण आणि कसे राहतात, यावर एक वाक्यही नाही. त्या बायका म्हणजे नुसत्या ओळी.

आणि सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट: कार्यशाळा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलांनी काम साठवलेली संगणकावरची खाती बंद. सहा आठवड्यांचं काम गेलं. फोन केला तर उत्तर मिळालं, "प्रमाणपत्र मिळालं ना, सर?" मिळालं. चकचकीत आहे.

तरीही पुढच्या तुकडीला मुलं पाठवणार आहे. तुम्हीही पाठवा, फक्त दुसऱ्या शनिवारपासून पाठवलीत तरी चालेल. लॅपटॉपवर पाळीपाळीने बसवा असं पहिल्याच दिवशी ठणकावून सांगा, आणि पाचव्या शनिवारी सोबत पेनड्राइव्ह द्या.