एकाच यूएसबी अडॅप्टरमध्ये तीन कामं: कर्नल ड्रायव्हर की लिबयूएसबी?

मित्राकडे एक अडॅप्टर आलाय. जीपीआयओ (साध्या चालू-बंद पिना), आयटूसी आणि एसपीआय (सेन्सरसारख्या चिपांशी बोलायच्या दोन पद्धती) असं सगळं आत, पण यूएसबी इंटरफेस (संगणकाला दिसणारी जोडणी) एकच. ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) लिहू की लिबयूएसबीवर (साध्या प्रोग्राममधून यूएसबी उपकरणाशी बोलू देणारी लायब्ररी) भागवू, असं विचारत होता.

इंटरफेस वेगळे असते तर लिनक्सने प्रत्येकाला स्वतंत्र ड्रायव्हर जोडला असता. इथे तिघांची ये-जा एकाच वाटेने, त्यामुळे कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं हे बघणारा मध्ये कुणीतरी हवाच.

मेहनतीत लिबयूएसबी सरळ जिंकतं. परवानगीसाठी यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणं सांभाळणारी व्यवस्था) एक नियम लिहिला की दुपारभरात पहिला बाइट येतो. चुकलात तर फक्त तुमचा प्रोग्राम पडतो. कर्नलमध्ये मी सुरुवातीलाच बफर (डेटा ठेवायची जागा) स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, ठेवला होता. डीएमएला (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीतून डेटा नेणं) तो चालत नाही, केमॅलॉकच करावं, म्हणजे कर्नलकडून वेगळी मेमरी मागावी, लागतं. आणि काम चालू असताना कुणी केबल उपटली की खरी परीक्षा: अडकलेल्या विनंत्या सोडवा, मगच उपड्रायव्हर (जीपीआयओ, आयटूसी, एसपीआयचे वेगवेगळे ड्रायव्हर) काढा.

उपयोगात मात्र पारडं फिरतं. कर्नलच्या एमएफडी (एकाच उपकरणात अनेक कामं) पद्धतीत मुख्य ड्रायव्हर यूएसबी सांभाळतो, बाकीचे आपापलं काम. मग आयटूसीवरच्या सेन्सरला कर्नलमधला तयार ड्रायव्हर चालतो. लिबयूएसबीत तो तुम्हीच लिहायचा. नमुना म्हणून डायोलन कंपनीच्या डीएलएन-२ या अशाच अडॅप्टरचा ड्रायव्हर वाचा. प्रत्येक संदेशावरच्या क्रमांकावरून उत्तर कसं जुळवलंय ते बघण्यासारखं आहे.

टेबलावरची चाचणी किंवा एकच प्रोग्राम असेल तर लिबयूएसबी. सेन्सर इतर प्रोग्रामनाही दिसायला हवे असतील तर कर्नल.