डेल्टा की बी.१.६१७.२?

कोरोनाच्या एकाच प्रकाराची ही दोन नावं. ग्रीक अक्षरं जागतिक आरोग्य संघटनेनं ३१ मे २०२१ रोजी जाहीर केली. ‘इंडियन व्हेरियंट’सारखे शिक्के देशांना चिकटू नयेत, हे त्यामागचं मोठं कारण. डेल्टा तोंडात बसतं, मथळ्यात मावतं. पण नातं काहीच कळत नाही. डेल्टा हा गॅमापासून निपजलेला नव्हे. शिवाय नव्या ग्रीक नावांची गाडी ओमिक्रॉनपाशी अडली ती अडलीच. बीए.२ काय नि जेएन.१ काय, नंतरचे हे उपप्रकार सगळे ओमिक्रॉनच!

बी.१.६१७.२ हे दुसरं नाव पँगो या शास्त्रज्ञांच्या नामपद्धतीतलं. तिच्यात नावातच वंशावळ असते. बी.१.६१७.२ ही बी.१.६१७ची शाखा. मात्र अक्षरानंतर आकडे तीनच चालतात. चौथ्याची वेळ आली की नवं अक्षर, म्हणून बी.१.६१७.२.१ झाला एवाय.१ आणि बी.१.१.५२९.१ झाला बीए.१. इथे मूळ घराणं झाकलं जातं. कोणतं छोटं नाव कुठल्या मूळ नावाचं, याचा तक्ता उघडावाच लागतो.

बातमीला, दवाखान्यातल्या बोलण्याला डेल्टा पुरे. पण जनुकीय क्रमाच्या नोंदीत नुसतं ‘डेल्टा’ लिहिणं म्हणजे पाकिटावर फक्त ‘जिल्हा पुणे’ लिहिणं. तिथे पँगो नावच हवं, सोबत नमुन्याचं ठिकाण आणि तारीखही.