आधी डिग्री की आधी झेडपी? जयंतरावांचा रस्ता आणि आबांचा रस्ता

पदवीचं शेवटचं वर्ष, घरी थोडी शेती आणि डोक्यात राजकारण, अशी पोरं सांगली जिल्ह्यात गावोगाव आहेत. पुढं शिकायचं की झेडपीच्या (जिल्हा परिषदेच्या) गटातून उभं राहायचं, हा त्यांचा प्रश्न. याच जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांतले दोन आमदार समोर ठेवले की निर्णय बराच सोपा होतो, कारण जयंत पाटील आणि आर. आर. पाटील, म्हणजे आबा, दोघंही पहिल्यांदा विधानसभेत गेले ते 1990 सालीच, आणि दोघंही काँग्रेसकडूनच.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. विधानसभेला वय 25 लागतं, झेडपीला 21. आमदाराला शिक्षणाची अट नाही. ग्रामपंचायतीला मात्र 1995 पासून पुढं जन्मलेल्यांना सातवी पास असावं लागतं. सरपंच सातवी पास हवा, आमदार कसाही चालतो!

जयंतराव मुंबईच्या व्हीजेटीआयचे सिव्हिल इंजिनिअर. पुढच्या शिक्षणाला अमेरिकेत गेले होते. 1984 च्या जानेवारीत वडील राजारामबापू गेले आणि परत यावं लागलं. साखर कारखाना, शिक्षण संस्था, बापूंना मानणारी माणसं, सगळं उभंच होतं. ते सांभाळायला अक्कल लागते, हे मान्यच. पण ते उभं करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली नाहीत. 1990 पासून 2024 पर्यंत सलग आठ वेळा ते निवडून आले. तरी 2019 चं 72 हजारांचं मताधिक्य 2024 ला 13 हजारांवर आलं.

आबांकडं यातलं काहीच नव्हतं. अंजनीसारख्या गावातलं गरिबीतलं घर. कमवा आणि शिका करत सांगलीत बी.ए. आणि मग एलएल.बी. 1979 ला, बाविशीच्या आसपास, सावळजमधून झेडपीवर गेले आणि 1990 पर्यंत तिथंच राहिले. त्या अकरा वर्षांत पाणी, शाळा, रस्ते यांची फाइल कुठं अडते हे ते शिकले. पुढं ग्रामविकासमंत्री झाल्यावर ग्रामस्वच्छता अभियान काढलं, त्यामागं ही झेडपीच होती असं मला वाटतं. तासगावनं त्यांना सहा वेळा निवडून दिलं.

खात्यांची अदलाबदल तर बघा. डिसेंबर 2008 मध्ये मुंबई हल्ल्यानंतर आबांनी गृहमंत्रिपद सोडलं, ते जयंतरावांकडं आलं. 2009 च्या निवडणुकीनंतर गृह पुन्हा आबांकडं गेलं आणि जयंतरावांना मिळालं ग्रामविकास, जे आधी आबांनी सांभाळलं होतं. इंजिनिअरनं अर्थखातं आणि नऊ अर्थसंकल्पही सांभाळले. थोडक्यात, खातं देताना डिग्री कुणी विचारत नाही.

मतदारही विचारत नाही. साताऱ्याकडचे पृथ्वीराज चव्हाण पिलानीचे इंजिनिअर, वर कॅलिफोर्नियातल्या बर्कलेची पदवी. आई-वडील दोघंही खासदार. दिल्लीत केंद्रीय मंत्री, मग मुख्यमंत्री झाले. तरीही 1999 ला लोकसभेला पडले आणि 2024 ला कराड दक्षिणमध्ये अतुल भोसलेंकडून 39 हजारांनी हरले.

म्हणून मी तर सरळ सांगेन: घरात कारखाना नसेल, तर जयंतरावांचं उदाहरण घरी सांगू नका. ते तुम्हाला लागूच होत नाही. आता तर तासगावातही वारसा आला. आबांचे चिरंजीव रोहित पाटील 2024 ला पंचविशीतच आमदार झाले. वारसा नसलेल्याला आबांचा रस्ताच उरतो, आणि त्यातही त्यांनी डिग्री सोडली नव्हती हे विसरू नका. कायद्याचं शिक्षण सांगली-साताऱ्यात राहून होतं, संध्याकाळी गटात फिरता येतं, आणि निवडणूक हरलात तरी काळा कोट राहतो. परदेशी शिकायला गेलात तर खुशाल जा, पण मग गाव तुमच्यासाठी जागा धरून बसणार नाही.

आणि पैशाचा हिशोब आधी करा. आबांना झेडपीतून विधानसभेत जायला अकरा वर्षं लागली. तेवढी वर्षं चूल कुणाच्या कमाईवर पेटणार, हे फॉर्म भरायच्या आधी घरात बसून ठरवा.