वर्गातल्या चोरीचा तपास: शाळेसाठीचा गुप्तहेर संच
ट्रॉफी गायब, संशयित पाच, मागे राहिली एक चिठ्ठी. संचाचा खरा जीव शाईच्या चाचणीत आहे. गाळणकागदाच्या पट्टीवर तळापासून २ सेंमीवर पेन्सिलने रेघ मारा (पेनाने मारली तर तिचीच शाई पसरते), तिच्यावर संशयिताच्या स्केचपेनचा ठिपका द्या आणि पट्टी १ सेंमी पाण्यात उभी धरा. पाणी वर चढताना शाईतले रंग सुटे होतात, ते चिठ्ठीच्या शाईशी जुळवून पाहायचे. ठिपका बुडाला तर रंग वर चढत नाही, पाण्यातच विरघळतो. सोबतचा परमनंट मार्कर मात्र चुकीची निवड आहे. त्याची शाई पाण्याने हलत नाही, स्पिरिट लागतं. ठशांची पूड ठीकठाक. पुराव्याची कार्डं मात्र फार विचारपूर्वक केलेली: एकट्या कार्डावरून चोर ठरत नाही, प्रत्येक जबाब पट्टीशी ताडून पाहावाच लागतो. पाचवी ते सातवीच्या मुलांना चौघांच्या गटात द्या.