आतून घासता येत नाही असे रसपात्र घेऊ नका

पक्ष्यांना साखरपाणी देण्यासाठी फेब्रुवारीत ऑनलाइन मागवलेले लाल प्लास्टिकचे टांगते पात्र दोन महिने वापरल्यानंतर, आणि पुढचे दोन महिने त्याच्या जागी दुसरे पात्र वापरून पाहिल्यानंतर हे लिहीत आहे. पहिल्या पात्राच्या खोक्यावर हमिंगबर्डचे चित्र होते आणि त्याच नावाने ते विकले जात होते. हमिंगबर्ड हा फक्त अमेरिका खंडांत आढळणारा पक्षी आहे. सोलापुरात अशा पात्रावर येतात ते आपले शिंजीर, ज्यांना पुष्कळ जण सूर्यपक्षी म्हणतात. हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून रस पितो, शिंजीर मात्र शक्यतो कुठेतरी बसून पितो, म्हणून बसायला कडे असलेले पात्र मी मुद्दाम निवडले होते आणि तेवढी निवड बरोबर ठरली.

विजापूर रोडवरच्या आमच्या घराच्या गॅलरीत पात्र टांगल्यानंतर नवव्या दिवशी जांभळ्या शिंजिराची मादी आली. पाठ मातकट हिरवी, पोट फिकट पिवळे, सारा जीव जेमतेम माझ्या करंगळीपेक्षा थोडा मोठा. तिने कड्यावर बसून बाकदार चोच प्लास्टिकच्या फुलात घातली, मान वर करून क्षणभर थांबली आणि पुन्हा चोच घातली. तेव्हापासून या पात्राची स्वच्छता हा माझ्यासाठी जबाबदारीचा विषय झाला.

पहिल्या पात्राचा दोष नेमका तिथेच आहे. त्याची पिवळी फुले बैठकीला कायमची चिकटवलेली आहेत आणि बाटलीचे तोंड इतके अरुंद आहे की बाळाच्या दुधाच्या बाटलीचा ब्रशसुद्धा आत वळत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, रोज खळखळून धूत असूनही, कान साफ करायची कापसाची काडी एका फुलाच्या भोकात घालून फिरवली तेव्हा ती काळीकुट्ट होऊन बाहेर आली. फुलाच्या मागे, जिथे नजर जात नाही आणि ब्रशही पोहोचत नाही, तिथे बुरशीचे कडे धरले होते, आणि पक्षी चोच घालत होता ती हीच जागा. विक्रेत्याला छायाचित्र पाठवले, तर पात्र गळत नसल्यामुळे ते सदोष मानता येणार नाही असे उत्तर आले. मी ते त्याच दिवशी उतरवले.

सोबत लाल रंगाची पूडही आली होती, ती मी वापरली नाही. पक्ष्याचे लक्ष वेधायला पात्राचा लाल रंग पुरतो. पाण्यात रंग घालण्याची मुळीच गरज नसते. एक वाटी साध्या पांढऱ्या साखरेला चार वाट्या पाणी, साखर विरघळेपर्यंत गरम करून पूर्ण गार केलेले, एवढीच कृती आहे. शेजारच्या काकूंनी मायेने सुचवले, "अगं, साखर कशाला? उन्हातून आलेल्याला आपण गूळ-पाणीच देतो ना?" त्यांची भावना मला मनापासून पटली, पण गुळात लोह आणि इतर क्षार असतात, जे फुलांच्या रसावर जगणाऱ्या पक्ष्याला मानवत नाहीत. पाण्यात कालवलेल्या मधावर तर बुरशी फार लवकर धरते. म्हणून दोन्ही टाळावेत.

हमिंगबर्डांच्या देशात तापमान ३२ अंशांच्या वर गेले की साखरपाणी रोज बदलावे असे सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर असतो, त्यामुळे सकाळी भरलेले पाणी दुसऱ्या दिवशी गढूळ दिसते आणि त्याला आंबूस वास येतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरात रोजची धुणी ही लहान गोष्ट नाही, हे मी जाणते. म्हणूनच पात्र काठोकाठ न भरता मी पन्नास मिलिलिटरच घालते आणि उरलेले साखरपाणी फ्रिजमध्ये ठेवते.

दुसरे पात्र बशीच्या आकाराचे आहे: खाली पारदर्शक उथळ वाडगे, वर लाल झाकण आणि झाकणाला तीन भोके. झाकण फिरवले की दोन सुटे भाग हातात येतात, आणि प्रत्येक कोपऱ्यात बोट पोहोचते. रोज गरम पाणी आणि ब्रश एवढ्यावर तीन मिनिटांत काम होते. आठवड्यातून एकदा एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग गरम पाणी यांत ते अर्धा तास बुडवून ठेवते, मग तीन पाण्यांतून काढते. बोअरच्या जड पाण्याने प्लास्टिकवर धरणारा पांढरा थर व्हिनेगरने निघतो. तो राहू दिला तर घाण त्याच खरखरीत जागी चिकटते. मध्यभागी मुंग्यांसाठी पाण्याची खोलगट वाटी आहे, म्हणजे गुळाचा डबा आपण पाण्याच्या परातीत ठेवतो तीच युक्ती. दोरीला तेल किंवा ग्रीस मात्र कधीही लावू नये, कारण ते पिसांना लागले तर निघत नाही.

उणिवाही आहेत. आकडा पातळ असल्यामुळे वळवाच्या वाऱ्यात पात्र एकदा खाली आले, तेव्हा मी जाड तार लावून घेतली. मुंग्यांची वाटी उन्हाळ्यात दुपारपर्यंत कोरडी पडते, म्हणून ती दोनदा भरावी लागते. ऊन येत नाही अशी जागा निवडणे आणि खिडकीच्या काचेपासून पात्र तीन फुटांच्या आत ठेवणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. इतक्या जवळून उडालेला पक्षी काचेवर आदळला तरी जोरात आदळत नाही.

पहिल्या पात्राला मी पाचपैकी एक गुण देते, दुसऱ्याला चार. मे महिन्यात आठ दिवस गावी जायचे होते, तेव्हा दुसरे पात्र धुऊन, पुसून कपाटात ठेवले, कारण आंबलेले पाणी टांगलेले ठेवण्यापेक्षा पात्र नसलेले बरे. परतले तेव्हा नर आणि मादी दोघेही गॅलरीतल्या जास्वंदीवर होते. ज्यांना रोज धुणे जमणार नाही त्यांनी जास्वंद किंवा अडुळशाची एक कुंडी ठेवावी, आणि ज्यांना जमेल त्यांनी पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून पात्राचे सर्व भाग सुटे करून काढलेले छायाचित्र मागून घ्यावे.