पाणी, कणीक की दाणे? भर उन्हाळ्यात लेकराच्या हाती काय द्यावं

एप्रिल-मेमध्ये आमच्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ वर जातो. सकाळी अकराला दारं-खिडक्या लावून कूलर सुरू केला की उन्हं उतरेपर्यंत लेकरू घरातच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय की वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला मोबाईल-टीव्ही नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात तासाभराच्या वर नको. हे पटतं. पण उरलेली दुपार कशी काढायची, हा प्रश्न घरातल्या बाईच्याच पुढ्यात येऊन पडतो.

माझी लेक आता तीन वर्षांची होईल, जावेचा मुलगा पंधरा महिन्यांचा. दोघं एकाच घरात. दोन उन्हाळे त्यांच्यासोबत काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. मूल किती वेळ रमेल हे नंतर बघायचं. आधी बघायचं, त्या वेळी तुमचे हात आणि डोळे मोकळे आहेत का.

रमण्याच्या बाबतीत पाण्याला तोड नाही. परातीत दोन बोटं पाणी, एक वाटी, एक छोटा तांब्या आणि चहाची जुनी गाळणी, एवढंच लागतं. परवा आमचा छोटा वाटी भरून गाळणीत ओतत होता. पाणी खालून निघून जायचं, मग तो गाळणीत डोकवायचा. पुन्हा ओतलं, पुन्हा डोकावला. शेवटी त्याने दुसरा हात गाळणीखाली धरला आणि तळव्यावर धार पडताच इतका खुदकन हसला की आतून सासूबाई उठून आल्या. चाळीस मिनिटं गेली त्यात.

पण त्या चाळीस मिनिटांत मी जागची हलले नाही, आणि हलायचं नसतंच. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बादलीत डोकावताना तोल गेला तर लेकराला परत वर येता येत नाही आणि चार बोटं पाणीही जिवावर बेतू शकतं. म्हणून पसरट परातच घ्यायची, बादली-टब जवळपासही नको. दाराची कडी वाजली तर आधी परात रिकामी करायची, मग दार उघडायचं. आमच्या गल्लीत नळाला चार दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे खेळून झालेलं पाणी तुळशीला आणि कुंड्यांना जातं.

कणकेचं बरोबर उलट आहे. मूल तिच्यात पंधरा-वीस मिनिटंच रमतं, पण तेवढ्यात माझी भाजी फोडणीला पडलेली असते. वरण-बट्टीच्या दिवशी तर हे फारच छान जमतं. बट्टीचं पीठ जाडसर, त्यात ओवा आणि तेल, त्यामुळे गोळा हाताला फारसा चिकटत नाही. ओट्यापासून लांब, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट मांडून लेकीला लिंबाएवढा गोळा देते. ती त्याला अंगठ्याने खळगा पाडते, बुजवते, पुन्हा पाडते. माझ्या बट्ट्या गोल, तिच्या चपट्या. सासूबाई धुळ्याकडच्या, त्या अहिराणीत विचारतात, “काय करी राहिनी व माय?” आणि ही मान वर न करता सांगते, “बट्टी!”

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. खेळायच्या कणकेत वाटीभर मीठ घालायची पद्धत आहे, म्हणजे ती टिकते. लहान मुलाच्या घरात ती नको. मुठभर खाल्ली तर तेवढं मीठ त्या इवल्या पोटाला झेपत नाही. साधी कणीक, चमचाभर तेल आणि रंग हवा तर चिमूटभर हळद पुरे. गोळा तोंडात जायला लागला की काढून घ्यायचा, कच्चं पीठ पोटात जाणं चांगलं नाही. आणि रोज ताजाच गोळा द्यायचा.

धान्याचे दाणे या वाटीतून त्या वाटीत करायला देणं बघायला फार गोड वाटतं. मी लेक सव्वादोन वर्षांची असताना तुरीची डाळ आणि हरभरे दिले होते. मी मिनिटभर पाठमोरी झाले आणि हरभरा नाकात. दवाखान्यात डॉक्टरांनी चिमट्याने काढला. त्यांनीच सांगितलं की कडधान्य ओलाव्याने फुगतं, म्हणून उशीर करायचा नाही आणि घरी टोकरायचं तर मुळीच नाही. तेव्हापासून तीन वर्षांच्या आत हरभरे, शेंगदाणे, वाटाणे, चिंचोके यांतलं काही मी देत नाही. गुंजा आणि एरंडाच्या बिया तर विषारी असतात, त्या कोणत्याच वयात खेळायला नकोत. ओतण्या-भरण्याचीच हौस असेल तर परातीत रवा द्यावा. सांडला तर झाडून घेता येतो.

केळीच्या दांड्याचे ठसे ही आमच्याकडची खास चीज. रावेर-यावलकडे ओळखीत एखादी तरी बाग असतेच. पानाच्या जाड दांड्याचा आडवा काप घेतला की आत जाळीची नक्षी दिसते. तो बिटाच्या रसात बुडवून कागदावर टेकवायचा. ठसा इतका सुरेख उमटतो की मोठ्यांनाही मोह होतो. पण मूल दहा मिनिटांत उठतं आणि आवरायला अर्धा तास लागतो. शिवाय केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जात नाही, तेव्हा जुनाच कपडा घालावा. सुटीच्या दिवशी, घरात आणखी कुणी असेल तेव्हाच हे काढते.

काळी माती मी पोळ्याच्या सुमाराला देते, एरवी नाही. ती लोण्यासारखी मळली जाते, बैल छान होतात, वाळल्यावर मात्र तडकतात. फवारणी झालेल्या शेतातली किंवा कुत्री-मांजरं फिरतात तिथली माती आणू नये, आणि जे मूल अजून सगळं तोंडात घालतं त्याला ती देऊच नये.

वर्षा-सव्वावर्षाच्या मुलाला यातलं काही नसलं तरी चालतं. स्टीलच्या डब्यात आठ-दहा रुमाल कोंबून द्या. तो एकेक उपसेल, तुम्ही पुन्हा भरा.

स्वयंपाक चालू असेल आणि मूल दोनच्या पुढचं असेल तर कणीक निवडा. सगळं आवरून तुम्हाला अर्धा-पाऊण तास बसायला मिळणार असेल तर पाणी. आमच्यासारखी दोन वयांची लेकरं एकत्र असतील तर नियम धाकट्याच्या वयाचा लावायचा, म्हणजे मोठीला दाणे चालत असले तरी धाकटा झोपल्यावरच काढायचे. तो उठायच्या आत फरशीवरून एकदा ओला हात फिरवायचा. एखादा दाणा कपाटाखाली गेलेला असतोच.