टूबॅब क्रू: कोरा आणि इलेक्ट्रिक गिटार एकाच मंचावर

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ॲशव्हिल शहरात तयार झालेल्या टूबॅब क्रू या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम २००५ साली आला. पश्चिम आफ्रिकेत परक्या, विशेषतः गोऱ्या माणसाला ‘टूबॅब’ म्हणतात. हे नाव स्वतःहून घेण्यातच या वादकांची विद्यार्थीवृत्ती दिसते, आणि मालीला जाऊन तिथल्या वादकांकडून शिकल्याचा परिणाम त्यांच्या वादनात स्पष्ट जाणवतो.

या संगीताचे खरे वैभव कोरामध्ये आहे. अर्ध्या भोपळ्यावर कातडे ताणून बनवलेले हे एकवीस तारांचे वाद्य दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी यांनीच वाजवतात, त्यामुळे खालची आवर्तने आणि वरची नक्षी एकाच वादकाकडून एकाच वेळी ऐकू येते. रॉकचा ड्रमसेट त्या नाजूक स्वरांना दडपून टाकेल अशी मला भीती होती. प्रत्यक्षात गिटार बऱ्याचदा मागे सरकून कोराला वाट करून देते, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या वासुलू प्रदेशातील कामेलेन्गोनी या तंतुवाद्याचा खर्जातला ठेका बास गिटारशी इतका एकजीव होतो की दोन्ही वेगळे ओळखण्यासाठी पुन्हा ऐकावे लागते.

गायन जवळजवळ नाहीच. काही रचना गरजेपेक्षा लांबतात, आणि ज्या परंपरेत कोरा हा कथा सांगणाऱ्या ग्रिओंचा सोबती आहे, तिथला मानवी आवाज इथे नसणे मला खटकले. तरीही हेडफोन लावून, तालवाद्यांवर लक्ष ठेवून हा अल्बम अवश्य ऐकावा.